नाथसागराच्या काठावर चार दिवस

सातवीत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी एकदा वर्गात घरचे ताट आणले, त्यावर मूठभर हरभरे फेकले आणि तीन अंक मोजून होताच त्यावर पंचा टाकला. ‘किती?’ एवढेच त्यांनी विचारले. कोणी पन्नास म्हणाले, कोणी दोनशे. मग पंचा काढून त्यांनी दहा हरभऱ्यांचा एक पुंजका बोटाने वेगळा केला आणि असे किती पुंजके ताटात मावतील ते नजरेने पाहायला शिकवले. पुढच्या रविवारी आम्ही पैठणच्या धरणामागच्या पाण्यावर, म्हणजे नाथसागरावर, बदके मोजली, तेव्हा त्या हरभऱ्यांचा अर्थ समजला. सर सेवानिवृत्त होऊन काही वर्षे झाली आहेत. या जानेवारीच्या अखेरीस त्यांच्याबरोबर पुन्हा त्याच काठावर चार दिवस फिरण्याचा योग आला, त्याचा हा वृत्तान्त. नाव छापायचे नाही, अशी अट त्यांनी आधीच घातली असल्यामुळे येथे ते केवळ ‘सर’ आहेत.

पहिला दिवस, 30 जानेवारी : सलीम अली सरोवर

परभणीहून निघून दुपारी छत्रपती संभाजीनगरला पोहोचले. सर दिल्ली दरवाजाजवळ वाट पाहत उभे होते. खांद्याला तीच खाकी पिशवी आणि गळ्यात दुर्बीण. ‘आधी शहरातले पाणी बघू, उद्या मोठे पाणी,’ असे म्हणून ते मला हिमायत बागेसमोरच्या सरोवराकडे घेऊन गेले. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही खिजरी तलाव असलेल्या या पाण्याला आता पक्षितज्ज्ञ सलीम अली यांचे नाव आहे. रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज अखंड चालू होता, आणि तरीही दिवस मावळताना काठच्या झाडांतून रातढोकरी एकेक करून ‘वाक्, वाक्’ करीत बाहेर पडू लागल्या. रात्रपाळीला निघालेल्या कामगारांची शाळेतल्या मुलांना ओळख करून देताना सर याच पक्ष्यापासून सुरुवात करीत, कारण त्यासाठी कोणालाही गाव सोडून जावे लागत नाही.

बाकावर बसल्यावर ते सलीम अली यांच्याविषयी बोलू लागले. त्यांच्या बोलण्याचा रोख ग्रंथांवर किंवा 1976 साली मिळालेल्या पद्मविभूषणावर नव्हता, तर 1926 मधल्या एका नोकरीवर होता. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात नव्याने उघडलेल्या निसर्गविज्ञान विभागात सलीम अली मार्गदर्शक व्याख्याते होते, म्हणजे येणाऱ्या लोकांना आणि शाळकरी मुलांना पेंढा भरलेले पक्षी दाखवून त्यांची माहिती सांगणे हे त्यांचे काम होते. पुढे जर्मनीतून शिकून परतल्यावर ती जागा उरली नव्हती. मग किहीमच्या घरी राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला आणि त्यानंतर संस्थानांची पक्षी-सर्वेक्षणे हाती घेतली. 1931-32 चे हैदराबाद संस्थानाचे सर्वेक्षण त्यांतले एक. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. ‘म्हणजे आपल्या मुलखाच्या पाखरांची शास्त्रीय नोंद मुक्तिसंग्रामाच्या आधीपासूनची आहे,’ सर म्हणाले, ‘आणि ती करणाऱ्या माणसाची सुरुवात लेकरांना पक्षी दाखवण्यापासून झाली. हे मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगतो.’

दुसरा दिवस, 31 जानेवारी : पैठण आणि फुगवट्याचा काठ

पैठणचा रस्ता सुमारे पन्नास किलोमीटरचा आहे. धरण डोळ्यांत मावत नाही. दहा किलोमीटर लांबीचा मातीचा बांध आणि सत्तावीस दरवाजे. 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते लोकार्पण झाले. बांधामागे साधारण पंचावन्न किलोमीटर लांब आणि सत्तावीस किलोमीटर रुंद असा जलाशय पसरला, त्याला एकनाथ महाराजांवरून नाथसागर म्हणतात. त्याची खरी ओळख मात्र त्याच्या उथळपणात आहे. डोंगरदऱ्यांतल्या धरणात पाणी उभे राहते, इथे ते सपाट काळ्या रानावर आडवे झाले आहे. पाणी हातभर उतरले, तरी काठ कितीतरी आत सरकतो आणि चिखलाचा पट्टा उघडा पडतो. पाणपक्ष्यांना हवा असतो तो हाच पट्टा. 1986 मध्ये जलाशय आणि त्याचा परिसर मिळून सुमारे 341 चौरस किलोमीटरचे क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सरांची जिल्हा परिषदेतली नोकरीही त्याच वर्षी सुरू झाली.

धरणाच्या भिंतीवर न जाता आम्ही फुगवट्याच्या काठाने निघालो. येथे येणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम असतो आणि उजाडल्यापासूनचे दोन-तीन तास सर्वांत मोलाचे असतात. सकाळी सूर्य पाठीशी येईल अशा बेताने पूर्वेचा काठ निवडावा, नाहीतर पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. गळ्यातली दुर्बीण पुरेशी नाही. पक्षी लांब बसतात, म्हणून तिपाईवरची मोठी दुर्बीण कोणाकडून तरी मागून आणावी. अभयारण्यात शिरण्यापूर्वी वन्यजीव विभागाच्या कार्यालयात चौकशी करावी. काठावर ना सावली आहे, ना प्रसाधनगृह, त्यामुळे स्त्रियांनी पैठणहून निघतानाच त्याचा विचार करून ठेवावा.

एका उंचवट्यावर सरांनी गाडी थांबवायला सांगितली. समोर पाणीच पाणी होते आणि त्यावर शेकडो काळे ठिपके हळूहळू एका दिशेने सरकत होते. काळे अंग आणि कपाळावर पांढराशुभ्र टिळा. आमच्याकडे या पक्ष्याला वारकरी म्हणतात. सरांनी बोट मात्र वारकऱ्यांच्याही पलीकडे रोखले. ‘त्या दोन बाभळी दिसतात? त्यांच्या मधून सरळ रेषेत बघ. तिथे आमचा वाडा होता.’

सर धरणग्रस्त आहेत, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हते. नाथसागरात 118 गावे बुडाली, त्यांतले एक त्यांचे. तेव्हा ते दहा वर्षांचे होते. घराचे लाकूड-दरवाजे बैलगाडीत घालून कुटुंब पुनर्वसनाच्या गावठाणात आले. टंचाईच्या वर्षी पाणी खूप मागे गेले की मारुतीच्या देवळाचा चौथरा उघडा पडे आणि गावची माणसे त्याला शेंदूर लावायला चिखल तुडवीत जात. वडिलांबरोबर जाताना त्या चिखलात उभे असलेले लांब लाल पायांचे पक्षी त्यांनी प्रथम पाहिले. ते शेकाटे होते, हे कळायला आणखी दहा वर्षे गेली. ‘मी पाखरे बघायला येतच नव्हतो,’ ते म्हणाले, ‘गाव वर आले का, ते बघायला येत होतो. पाखरे मधे आली.’

या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले, कारण सरांच्या छत्तीस वर्षांच्या कामाची किल्ली मला त्यात दिसली. पक्षी-संवर्धनाविषयी बोलताना आपण पाणी आणि पाखरे एवढेच पाहतो. या काठावरच्या प्रत्येक घरासाठी मात्र हे पाणी म्हणजे आधी गेलेली जमीन आहे, आणि ज्याची जमीन गेली त्याला अभयारण्याचा फलक म्हणजे आणखी एक मनाई वाटते. सरांनी त्या घरांना पाखरांचे यजमान करण्यात आयुष्य घालवले.

यंदा पाणी भरपूर होते, त्यामुळे देवळाचा चौथरा खोल पाण्यात होता आणि चिखलाचे पट्टेही थोडेच उघडले होते. नवख्या माणसाला वाटते की धरण भरले म्हणजे पक्षी वाढले. घडते उलट. भरल्या धरणात बदके विखुरतात आणि चिखलात चोच खुपसून खाणारे तुतवार, चिखल्या, शेकाटे काठच्या डबक्यांकडे पांगतात. पाणी ओसरू लागले की ते गोळा होतात. अंगाखांद्यावर गुलाबी झाक असलेले रोहितही (फ्लेमिंगो) उथळ पाण्याचेच सोबती असल्याने त्या दिवशी आम्हाला फक्त अकरा दिसले, माना खाली सोडून, चोच उलटी करून पाणी गाळीत असलेले. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते वर्ष सर आठवणीने सांगतात. नाथसागर त्या वर्षी मृतसाठ्यात गेला होता, माणसे घागरी घेऊन फिरत होती आणि उरलेल्या पाण्याभोवती पाखरांची दाटी झाली होती. ‘त्या वर्षीच्या नोंदवहीत आकडे मोठे आहेत,’ ते म्हणाले, ‘पण मी मुलांना ती वही दाखवताना आधी टँकरचे सांगतो, मग पाखरांचे.’

दुपारी आमच्या गाडीचे चाक गाळात रुतले. वरून तडकलेला, वाळलेला दिसणारा गाळ आत लोण्यासारखा मऊ असतो. अशा जमिनीवर गाडी घालू नये आणि पायी जातानाही काठीने चाचपावे. दोन तास गेले. अखेर पलीकडे गाळपेर केलेल्या एका शेतकऱ्याने ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली आणि पैसे घेण्याऐवजी आम्हाला हुरड्याला बसवले. गोवऱ्यांच्या आगटीत कणसे भाजून, हातावर चोळून तो कोवळे, गरम, हिरवे दाणे पुढे करीत होता. सोबत तिळाची चटणी आणि सायीचे दही. त्याचे गाऱ्हाणेही होते. पाणी हटेल तसा तो हरभरा पेरतो आणि उगवलेले कोंब पट्टकदंब हंस पहाटे येऊन खुडून नेतात. सरांनी त्याला गप्प केले नाही. वहीत तारीख, क्षेत्र आणि नुकसान लिहून घेतले, आणि मग हे हंस तिबेट, मंगोलियाकडच्या उंच तळ्यांवर जन्मतात व सात हजार मीटरच्या आसपास उंचीवरून हिमालय ओलांडून येतात, हे सांगितले. शेतकरी थोडा वेळ आगटीकडे बघत राहिला. ‘एवढ्या लांबून येऊन माझाच हरभरा सापडला व्हय गुरुजी त्यांना,’ तो म्हणाला. पण त्या आवाजात राग उरलेला नव्हता.

संध्याकाळी नाथांच्या समाधीचे दर्शन घेतले. काशीहून रामेश्वरासाठी आणलेले कावडीतले गंगाजल नाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले, ही कथा सर पाणथळीच्या पहिल्या पाठाला सांगतात. फाल्गुन वद्य षष्ठीला येथे लाखोंची यात्रा भरते, तेव्हा वाळवंटात राहुट्या पडतात आणि तोपर्यंत पाण्यावरचे बहुतेक वारकरी उत्तरेकडे निघालेले असतात.

तिसरा दिवस, 1 फेब्रुवारी : धुके, जाळी आणि एक टिबुकली

पहाटे काठावर पोहोचलो तर हात लांब केला तरी बोटे दिसू नयेत असे धुके पडले होते. मी हिरमुसले, सरांनी सतरंजी पसरली आणि डोळे मिटून बसायला सांगितले. हळूहळू धुक्यातून आवाज सुटे होऊ लागले. चक्रवाकांचा सानुनासिक, दुःखी ‘आंग-आंग’, वारकऱ्यांचा तुटक खडखडाट, टिटवीचा ओरडा, आणि अगदी डोक्यावरून गेलेल्या थव्याच्या पंखांची सळसळ. नऊ वाजता पडदा फाटला, तेव्हा आम्ही ऐकलेले बहुतेक सर्व पक्षी जागेवर होते. तलवार बदके आणि थापट्ये तेवढे एका शब्दानेही आपली चाहूल न देता आमच्यासमोरच बसलेले निघाले.

भोई समाजातले दोघे भाऊ होडी काठाला लावत होते. रात्रीची जाळी काढून आणली होती. चिलापी, रोहू, दोन-तीन कटला, आणि जाळ्याच्या एका घडीत अडकलेली टिबुकली. ओंजळीत मावेल एवढा तो पक्षी. नायलॉनचा तंगूस एका पंखाभोवती तीन वेळा फिरून काखेत रुतला होता, आणि पिसे ओली होऊन दोरीसारखी वळली होती. जवळून पाहिले तेव्हा त्याची बोटे दिसली. बदकासारखा पडदा नाही, प्रत्येक बोटाला पानासारखी स्वतंत्र चपटी पाळी, जिच्या जोरावर तो पाण्याखाली माशाचा पाठलाग करतो आणि म्हणूनच जाळ्यात सापडतो. धाकट्या भावाने पाते काढले आणि पक्ष्याऐवजी स्वतःचे जाळे कापले. चार-पाच घरे तुटली. सरांनी टिबुकलीचे डोके पंच्याने झाकून तिला उन्हात टोपलीत ठेवले आणि पिशवीतून जाळे विणण्याची सुई आणि दोऱ्याची गुंडी काढली.

त्या सुईने मला फार शिकवले. मच्छीमाराला ‘जाळे काप, पाखरू सोड’ असे सांगणे सोपे आहे. तुटलेले जाळे शिवण्यात त्याची दुपार जाते आणि ती दुपार कोणीच भरून देत नाही. वीस वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या भोयाने सरांना हे तोंडावर ऐकवले होते. तेव्हा ते त्याच्याकडेच जाळे विणायला शिकले, आणि तेव्हापासून ज्याचे जाळे पक्ष्यासाठी कापले जाईल त्याचे ते स्वतः शिवून देतात. होडीच्या काठावर बसून ते गाठी मारीत होते, धाकटा भाऊ एखादी गाठ सैल पडली की उसवायला लावत होता, आणि थोरला सांगत होता की पूर्वी या भागात दाण्याला विष लावून बदके मारणारी माणसे येत. आता तसे कोणी दिसले तर पहिला फोन होडीतूनच जातो.

तासाभराने टिबुकलीने टोपलीत धडपड केली. पाण्यावर ठेवताच ती बुडाली आणि बऱ्याच अंतरावर वर आली. जेवायला त्यांच्याच घरी थांबवले गेले: ज्वारीची भाकरी, चिलापीचे झणझणीत कालवण आणि माझ्यासाठी, मी मासे खात नाही हे कळल्यावर, वहिनींनी घाईने केलेली येसराची आमटी. एक सूचना येथेच करते. होडीवाल्यांना ‘जरा जवळ न्या’ असा आग्रह कोणी धरू नये. फोटोसाठी उडवलेला प्रत्येक थवा, परतीच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी वाया घालवतो.

चौथा दिवस, 2 फेब्रुवारी : शाळेची मोजणी

इराणमधील रामसर येथे 2 फेब्रुवारी 1971 रोजी पाणथळींचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून हा दिवस जागतिक पाणथळ दिवस म्हणून पाळतात. याच गोदावरीवर वरच्या अंगाला असलेले नांदूर मध्यमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. नाथसागर त्या यादीत नाही. काठच्या एका शाळेत सर दर वर्षी या दिवशी जातात. भाषण नसते. मुलांच्या हाती वह्या असतात आणि त्यांत वर्षभराच्या नोंदी असतात, 5 ते 12 नोव्हेंबरच्या पक्षी सप्ताहातल्या, म्हणजे मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतच्या, सर्वांत नेटक्या. बगळ्या-करकोच्यांच्या घरट्यांच्या वसाहतीला मुले सहज ‘सारंगागार’ म्हणत होती. चितमपल्लींनी मराठीला दिलेला हा शब्द शाळेच्या पटांगणात ऐकून फार बरे वाटले. एका मुलाने बाभळीवरच्या चित्रबलाकाचे घरटे काढले होते आणि खाली लिहिले होते, ‘आजोबांच्या बांधावर. तोडू नये असे आजोबांना सांगितले आहे.’

ताट आले, हरभरे आले, पंचा पडला. माझा अंदाज एकशे वीस होता, चौथीतल्या एका मुलीचा एकशे पंचेचाळीस. ताटात एकशे एकेचाळीस निघाले.

मग सगळे काठावर गेलो. त्याच मुलीकडे वही होती. वारकऱ्यांचा मोठा थवा बांधाजवळच्या पाणवनस्पतींत चरत होता आणि ती पेन्सिलीने हवेत दहा-दहाचे पुंजके पाडीत डावीकडून उजवीकडे निघाली होती. तीनशे चाळीसपर्यंत आली असेल, तोच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्याला घासून खालून आला आणि सगळा थवा पाण्यावर पाय आपटत, फेस उडवीत पसरला. ‘सर, मोजणी बिघडली,’ ती कळवळून म्हणाली. सरांनी वहीतला आकडा तसाच ठेवायला सांगितला, पुढे ‘भोवत्या आला’ असे लिहून घेतले आणि बांधावर मांडी घातली. ‘बसू दे त्यांना. मग पहिल्यापासून मोजू.’

तीस-बत्तीस मुले बांधावर ओळीने बसली. थवा पुन्हा एकत्र यायला वीस मिनिटे लागली, आणि तेवढा वेळ कोणीही बोलले नाही.